निखू, जीन्स सापडली

निखू,

फोनच करणार होते पण तू शूटवर असशील आणि मी परत चिडेन, म्हणून टाइप करतेय. मोठं होणार आहे, रात्री निवांत वाच.

तुझी काळी जीन्स सापडली. बादलीच्या तळाशी, ओल्या टॉवेलखाली. गुडघ्यावर फाटलेली आणि आतून रक्त वाळलेलं. आठवडाभर मी बघत होते की हा जिना चढताना पाय का ओढतोय, विचारलं तर म्हणालास ट्रायपॉड उचलून पाय भरून आलेत. मग मी आदित्यला फोन केला. त्याच्यावर रागवू नकोस, मी फारच मागे लागले. आडगावच्या अलीकडे गाडी चालवताना तुझा डोळा लागला म्हणे.

शुक्रवारी मी जे बोलले ते बोलले. "फुकटच्या कामासाठी रात्री जागतोस" असं. तेव्हा मला जीन्सचं माहीत नव्हतं, पण पोटात भीती होतीच आणि भीती वाटली की माझ्या तोंडून पैशाचंच निघतं, हे तुला एव्हाना कळलं असेल. तुझं ते काम फुकटचं नाहीये. हे मला नीट सांगायचंय, आणि गाडीचा विषय मी यात परत काढणार नाही.

तू नाहीस म्हणून काल रात्री लॅपटॉप उघडला. पासवर्ड बाबांनी सांगितला. तू दर शनिवारी पहाटे घाटावर शूट करतोस ते सगळे शनिवार ओळीने लावून ठेवलेत ते पाहिले, एकवीस आहेत, मोजले. तीच पायरी, तोच गोदावरीतला दुतोंड्या मारुती, तीच दहा मिनिटं. पहिले दोन-तीन बघताना मनात म्हंटलं यात बघायचं काय, माणसं येतात, डुबकी मारतात, जातात. मग ऑगस्टचा आला, मारुतीच्या कमरेला पाणी, आणि मागे कोणीतरी ओरडून सांगतंय की भांडी बाजारातल्या दुकानांमधला माल वर घ्या. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पाणी उतरलेलं, सगळीकडे गाळ, आणि ती द्रोणात दिवे विकणारी म्हातारी हातानेच आपल्या बसायच्या जागेवरचा गाळ सारतेय. ती दिवाळीनंतर दिसत नाही ना रे? मी मागे जाऊन जाऊन बघितलं. तुझ्या लक्षात आलंच असेल, तिच्या जागेवर आता कोणी बसत नाही आणि तू तेवढी जागा फ्रेममध्ये तशीच मोकळी ठेवलीयेस.

मला त्यातलं कळत नाही, पण एक कळलं. तू पूर्वी शूट केलेली लग्नं मी पाहिलीयेत, सगळीकडे गाणं, सगळीकडे स्लो मोशन. आणि परवा त्या ओझरच्या लग्नाचा व्हिडीओ दाखवलास त्यात नवरी निघताना तिच्या आजीचा हात, नुसता हात, पदराचं टोक गुंडाळतोय आणि सोडतोय, गाणं नाही, मागे फक्त मांडव काढणाऱ्यांचा आवाज. इतका वेळ एका गोष्टीकडे बघत राहायचं हे तू घाटावरच शिकलास, कोणत्या लग्नवाल्या पार्टीने सांगितलं नव्हतं. आपल्यासाठी केलेलं काम असं दुसऱ्या कामात उतरतं, हे मला आधी दिसायला हवं होतं.

बाबांना मी हे म्हंटलं तर ते म्हणाले त्यात नवीन काय, आणि परत पेपर वाचायला लागले. पण तुला आठवतंय ना, तुझ्या पहिल्या हॉलच्या शूटमध्ये सगळीकडे पट्टे पट्टे आले होते, कॅमेरा बिघडला म्हणून तू रडकुंडीला आलास. बाबांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले कॅमेऱ्याला काही झालं नाही, आपली लाईन ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, तुझं शटर त्याच्याशी जुळत नाही, १/५० नाहीतर १/१०० वर ठेवून बघ. आणि पट्टे गेले. त्या दिवशी बाबा दोन चपात्या जास्त जेवले. सातपूरला तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, घरात कोणी त्यांना त्यातलं कधी काही विचारलं नव्हतं.

आणि बाबांच्या याशिका कॅमेऱ्याचं तर तू विसरला नसशीलच. २००३ चा सिंहस्थ. पूर्ण रोल, छत्तीस फोटो, साधू, हत्ती, रामकुंडाची गर्दी, आणि तू पाच वर्षांचा, आत फोटो दिसतात का बघायला मागचं झाकण उघडलंस. भर उन्हात. बाबा काही बोलले नाहीत, तुझ्या हातातून कॅमेरा घेतला, झाकण लावलं, आणि नवीन रोल आणेपर्यंत आठ दिवस तुला रोज मोकळ्या कॅमेऱ्यातून बघायला द्यायचे. मला तेव्हा छत्तीस फोटोंचं वाईट वाटलं होतं. आता पुढचा सिंहस्थ आलाच, तू म्हणतोस तोपर्यंत दर शनिवारी तीच फ्रेम घ्यायची, गर्दीचे शनिवार आणि रिकामे शनिवार शेजारी शेजारी लावायचे. घे. मनापासून म्हणतेय, घे. पायरीवर गेरूच्या तीन खुणा केल्यास ना ट्रायपॉडसाठी, त्या पुरात धुतल्या गेल्या तर जुना फोटो हातात धरून परत जुळवल्यास असं आदित्य सांगत होता. एवढी चिकाटी तुझ्यात दहावीला असती तर. बरं, ते सोड.

पण शुक्रवारचं रिसेप्शन घेऊन शनिवारी पहाटे घाटावर जायचं म्हणजे झोपायचं कधी निखू? पिंपळगावच्या लॉन्सवर पॅकअप व्हायला दीड, मग कार्ड कॉपी करणार, मग हायवेला लागणार, अंगावर थंडीचा कडाका, समोर कांद्याचे ट्रॅक्टर ज्यांना मागे लाल दिवासुद्धा नसतो. विलासमामा काय बेफाम चालवणारा होता का? दिंडोरी रोड त्याच्या पायाखालचा होता. बघ, मी काढणार नव्हते.

तुला लहानपणी पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नेलं होतं, तिथे तू तासभर हलला नाहीस. तेव्हापासून तुझ्या तोंडी फाळके. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडी थोडी फिल्म काढली आणि रोप वाढताना दाखवलं, ते तूच मला सांगितलंस, तुझी शनिवारची कल्पना तिथूनच आली ना? पण त्याच्या आधी सिनेमे बघून बघून, झोप सोडून त्यांचे डोळे गेले होते, डॉक्टरांच्या उपचाराने परत आले, तेही तूच सांगितलंस. मी तेव्हापासून सरस्वतीबाईंचा विचार करते. दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, सगळ्या माणसांचं जेवण रांधलं, १९१३ चा सिनेमा झाला तो असा झाला. आणि त्याआधी एक दिवस नवऱ्याला समोरचं दिसेना तेव्हा त्या माऊलीला काय वाटलं असेल. तिने थांबवलं नाही त्यांना. मी पण थांबवत नाहीये.

लेक्चर झालं, माहितीये. सॉरी. तू सत्तावीसचा आहेस, तुझे पैसे तू कमावतोस, लेन्सचा हप्ता तुझा तू भरतोस, एकदाही मागितले नाहीस याचा मला अभिमान आहे आणि थोडं वाईटपण वाटतं.

बाबा नाईट करून आले की कंपनीच्या बसने यायचे, स्कूटर घरीच. एकदा मी म्हंटलं बसची वाट बघण्यापेक्षा स्कूटर नेत जा, तर म्हणाले नाईटनंतर हँडल हातात घ्यायचं नाही, तोही कामाचाच भाग आहे. तुझ्या कामाला कोणी बस ठेवणार नाही म्हणून मी एक केलंय, रागवू नकोस. पंचवटीत आत्याकडे बोलले. तिची वरची खोली रिकामी आहे, घाट चालत दहा मिनिटं. शुक्रवारी शूट असेल तर युनिटच्या गाडीने थेट तिथे उतरायचं, बॅग ठेवायची, दोन तास का होईना झोपायचं, आणि पहाटे चालत जायचं. आत्या म्हणाली चावी कुंडीखाली ठेवते, कोणी काही विचारणार नाही, चहा हवा तर उठव नाहीतर नको. आणि एखाद्या शनिवारी झोप झालीच नाही तर तो शनिवार राहू दे. एकवीसमध्ये एखादी जागा मोकळी राहिली तर राहिली, म्हातारीची जागा ठेवलीस तशी. मी सांगायला नको होतं बहुतेक, तुझा प्रोजेक्ट तू ठरव. पण गाडी नको. एवढं एक.

तुझी दुसरी हार्ड डिस्क माझ्या कपाटात पैठणीखाली आहे, दमट लागू नये म्हणून त्या सिलिकाच्या पुड्यापण टाकल्यात, तू म्हणाला होतास तशा. गुडघ्याला हळद नुसती लावू नकोस, डॉक्टरला दाखव आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का ते कळव. गुरुवारी येणार ना? मेथीची भाजी करते. जीन्स धुतलीये, रक्ताचा डाग गेला. गुडघा रफू करायला द्यायचा की तुमची फाटकी फॅशन आहे म्हणून तसाच ठेवायचा, ते सांग.

आई

पोहोचलास की मिस्ड कॉल दे. कितीही वाजता.