ट्रक नव्हे, नळाचे पाणी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धग्रस्त भागात ‘आज इतके ट्रक आत सोडले’ अशी बातमी आली की मदत पोचली, असे आपण धरून चालतो. अडवले काय, हे कुणी विचारत नाही. हमखास अडते ते डिझेल, क्लोरीन आणि पंपांचे सुटे भाग. कारण सांगतात, लष्करी वापराची भीती. क्लोरीनबाबत ती अगदीच खोटी नाही, सीरियात त्याचा शस्त्रासारखा वापर झाला आहे. पण म्हणून गॅसच्या टाक्यांऐवजी क्लोरीनच्या गोळ्या किंवा टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग) पावडर तरी सोडावी की नाही?

२०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असून कोल्हापूरचे नळ कोरडे पडले. युद्धग्रस्त भागात पंप डिझेलवाचून थांबतो, एवढाच फरक. आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी हा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. तेवढे मिळाले तरी नुसती पावडर टाकून भागत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतो. आधी तुरटीने पाणी निवळावे लागते. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पण तपासणी नाक्यावर पोती उन्हात पडून राहिली की तो उडतो. कागदावर माल पोचलेला असतो. म्हणून अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) घ्यायची, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरच पाणी वाटायचे.

जुलै २०२४ मध्ये गाझाच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडल्याचे निष्पन्न झाले. १ सप्टेंबरपासून भागाभागांत ठरावीक तास लढाई थांबवून लाखो मुलांना डोस पाजले गेले. लसीसाठी तास मिळतात, मग सांडपाण्याच्या पंपाला डिझेल का नाही?

आपल्या तालीम मंडळांनी मदत गोळा केलीच, तर दूधपावडर नको. अशुद्ध पाण्यात कालवून बाटलीने पाजली की तान्ह्याला हगवण ठरलेली. अशा देणग्या घेऊच नयेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

भारताने १९४९ चे जिनिव्हा करार स्वीकारले. पण पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर हल्ल्यास मनाई करणारे कलम ५४ ज्यात आहे, त्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारात आपण अजून सामील नाही. का नाही, हे जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांनी परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत लेखी विचारावे.

— पाणीपुरवठा व आरोग्य क्षेत्रातील एक वाचक, कोल्हापूर