फक्त ग्रेड वन म्हणू नकोस

प्रिय मित्रा,

काल तू रिपोर्ट पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "ग्रेड वन फॅटी लिव्हर आहे फक्त, हल्ली सगळ्यांनाच असतं", तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर तू विषय बदलशील म्हणून सरळ लिहायलाच बसलो.

हेच वाक्य मी चार वर्षं म्हणत होतो रे. दर चेकअपला सोनोग्राफीत तेच यायचं, डॉक्टर म्हणायचे वजन कमी करा, आणि मी फाईल कपाटात टाकायचो, कारण दुखत तर काहीच नव्हतं. लिव्हर आतून दुखतच नाही हे मला फार उशिरा कळलं, दुखणं कळवणाऱ्या नसा त्याच्या वरच्या आवरणात असतात, त्यामुळे आत वर्षानुवर्षं बिघडत गेलं तरी थोड्या थकव्यापलीकडे पत्ता लागत नाही. आणि दारू पीत नाही म्हणजे आपण सुटलो असंही नाही. शुगर, पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, सगळं याच्याशी जोडलेलं आहे, म्हणून तर २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदलून त्यात 'मेटाबॉलिक' शब्द घातला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तो ग्रेड चरबी किती एवढंच सांगतो. खरी भीती फायब्रोसिसची, म्हणजे सूज राहून राहून लिव्हरमध्ये जे व्रण धरतात त्याची, आणि ते साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला दिसत नाहीत. ग्रेड वनवाल्याला असू शकतात, ग्रेड थ्रीवाल्याला नसूही शकतात. बहुतेकांचं सिरोसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी सगळं लिव्हर कडक होण्यापर्यंत, जात नाही हे खरंय, पण आपण त्या बहुतेकांत आहोत की नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार? त्यात तुला डायबिटीस आहे, म्हणजे तुझी तपासणी तर व्हायलाच हवी.

त्यासाठी लगेच नवीन टेस्टसुद्धा नको. फिब-फोर नावाचा एक हिशोब आहे, वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (रक्ततपासणीतली लिव्हरची दोन एन्झाइम्स) आणि प्लेटलेट, बस. वय गुणिले एसजीओटी, भागिले (हजारातल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुझ्याच रिपोर्टवरून मी केला: वय ४६, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६०, प्लेटलेट १ लाख ८० हजार. उत्तर साधारण १.७ आलं. १.३ च्या खाली असतं तर मी हे पत्र एवढ्या घाईने लिहिलं नसतं, २.६७ च्या वर असतं तर आत्ताच तुझ्या दारात उभा असतो. तू मधे आहेस. याचा अर्थ व्रण आहेतच असा नाही, मधल्या कितीतरी लोकांचं पुढे नॉर्मल निघतं, पण फायब्रोस्कॅन करायलाच हवा, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. सुई नाही, काही नाही, उजव्या बरगड्यांवर प्रोब ठेवतात, हलके ठोके जाणवतात, दहा मिनिटांत झालं. फक्त आधी तीन तास काही खायचं नाही.

माझा ९.४ किलोपास्कल आला होता, ८ च्या आत हवा होता. त्या रात्री झोप लागली नाही. मग ८६ चा ७८ किलोवर आलो, गोड पेयं बंद, रोज चालणं, आणि वर्षभराने आकडा ६.८. डॉक्टर म्हणाले वजन ५ टक्के उतरलं तरी चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते आणि त्याहून जास्त उतरलं तर व्रणही मागे फिरू शकतात. लिव्हर इतकं सावरून घेतं रे, वेळेत कळलं पाहिजे एवढंच. आणि हो, हार्टकडेही बघून घे, फॅटी लिव्हरवाल्यांचा जीव जास्त करून हार्टच्या आजारानेच जातो, म्हणून लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, टाळू नकोस.

मनाने कुठलीही 'लिव्हर टॉनिक' सुरू करू नकोस, प्लीज. आणि वहिनींना हे पत्र दाखव, लपवू नकोस.

शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. तू उपाशीपोटी तयार राहा, जुन्या सगळ्या फायली घे, मी बरोबर येतो.

तुझाच मित्र