खांब कोणी बदलायचे? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.
(प्रत : मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य)

विषय : ग्रामीण विदर्भात ब्रॉडबँड पोहोचवण्यासाठी विजेचे खांब बदलण्याकरिता स्वतंत्र सरकारी निधी मिळणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. इंटरनेटसंबंधीचे पत्र ऊर्जामंत्र्यांना कशासाठी, असे आपल्या कार्यालयात कोणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो की आमच्या भागात ब्रॉडबँडचे घोडे सध्या विजेच्या खांबापाशी अडले आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले, आणि ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित कार्यक्रमासाठी 1,39,579 कोटी रुपयांना मान्यता दिली. ग्रामपंचायतीबाहेरच्या सुमारे 3.8 लाख गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद त्यात आहे. आमच्या दृष्टीने हीच तरतूद महत्त्वाची आहे, कारण यवतमाळ, अमरावती किंवा गडचिरोली जिल्ह्यातली गटग्रामपंचायत म्हणजे एक मुख्य गाव, त्याला जोडलेले दोन-तीन पोड किंवा टोले (आदिवासींच्या लहान वस्त्या) आणि कुठे एखादा तांडा. फायबर येते ते मुख्य गावातल्या कार्यालयापर्यंत. बाकीच्या वस्त्या तिथून दोन-चार किलोमीटरवर असतात, आणि ई-पीक पाहणी, रेशन दुकानातले पॉस यंत्र किंवा हमीभावाने कापूस विकण्यासाठी 2025 पासून लागू झालेली कपास किसान ॲपवरची नोंदणी यांपैकी कशातूनही त्या वस्त्यांची सुटका नाही.

हे शेवटचे अंतर कापण्याचे दोन मार्ग आहेत. जमीन खोदून केबल पुरायची, किंवा जे खांब आधीच उभे आहेत त्यांच्यावरून ती न्यायची. खोदकामाला खर्च जास्त, वनजमीन लागली की परवानगीची वाट पाहणे आले, आणि पुरलेली केबल रस्तारुंदीकरणात नाही तर नळयोजनेच्या चरात जेसीबीच्या दाताला लागते. खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे ॲप केंद्राने 2023 मध्ये आणले खरे, परंतु गावातला जेसीबीचालक ते उघडून पाहील, यावर माझा फारसा भरवसा नाही.

राहिले खांब. इथे मला थोडे तपशिलात जाणे भाग आहे. गावठाणातल्या लघुदाब वाहिनीला सिमेंटचा साधारण 8 मीटरचा खांब वापरतात. त्याचा सुमारे सहावा भाग जमिनीत जातो, म्हणजे वर साडेसहा मीटरच्या आसपास उंची उरते. तारा एकाखाली एक अशा लावलेल्या असतात आणि रस्ता ओलांडणारी सर्वांत खालची तारसुद्धा जमिनीपासून 5.8 मीटरवर असावी, असा सुरक्षिततेचा दंडक आहे. आता त्या तारेखाली सुरक्षित अंतर सोडून फायबर बांधायची आणि तिच्याखालून कापसाने भरलेली गाडीही जाऊ द्यायची, तर जागा उरत नाही. त्यात आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काँक्रीटच्या पायाशिवाय रोवलेला खांब काही वर्षांतच कलतो. धुऱ्यावरचे असे कितीतरी खांब केवळ ताणतारेच्या आधाराने उभे आहेत. त्यांच्यावर नव्या केबलचा ताण आणि वादळातल्या वाऱ्याचा जोर टाकणे म्हणजे वायरमनच्या जिवाशी खेळणे होय. त्यामुळे अशा खांबांवर केबल बांधू न देणारा अभियंता माझ्या मते योग्यच वागतो.

मग हे खांब बदलायचे कोणी? वीज कंपनीच्या बाजूने पाहिले तर विजेपुरता खांब चालतो आहे. इंटरनेटसाठी तो बदलून त्याचा बोजा वीजदरात टाकणे ग्राहकावर अन्यायाचे ठरेल. इंटरनेट देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तीस-चाळीस घरांच्या पोडासाठी दुसऱ्याच्या मालकीचे खांब स्वतःच्या पैशाने उभे करणे त्याला कधीच परवडणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, अशी माझी मागणी आहे.

कायदा याच्या आड येत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 51 नुसार वितरण कंपनीला आपल्या मालमत्तेचा पुरेपूर वापर होण्यासाठी दुसरा व्यवसाय करता येतो, आणि त्या उत्पन्नाचा काही भाग वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून वाहून नेण्याचे शुल्क, कमी करण्यासाठी वापरावा लागतो. म्हणजे खांबाचे भाडे नीट वसूल झाले तर वीजग्राहकाचाही लाभ आहे. केरळने वीज मंडळाच्या खांबांवरून राज्याचे स्वतःचे फायबर जाळे, केफॉन, उभारले आणि जून 2023 मध्ये त्याचे उद्घाटन केले. आंध्र प्रदेशाने त्याआधीच हा मार्ग धरला होता. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने तर 2021 मध्ये केवळ ग्रामीण ब्रॉडबँडसाठी खांब बदलण्याकरिता 10 कोटी डॉलर बाजूला काढले आणि कंपन्यांना खर्चाचा साधारण अर्धा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत परत देण्याची पद्धत ठेवली. आपल्याकडे पोडांसाठी अर्धा भाग पुरणार नाही. तिथे पूर्ण खर्च सरकारनेच उचलावा लागेल.

पैसा कुठून येईल, हा प्रश्न रास्त आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम सेवा न पोहोचलेल्या भागांसाठी म्हणूनच घेतली जाते. ती आता डिजिटल भारत निधीत जमा होते. राज्याने त्यातून खांबांसाठी वेगळी मागणी केंद्राकडे करावी आणि आपला वाटा जिल्हा वार्षिक योजनेतून द्यावा. शिवाय 2021 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून वाहिन्या बदलण्याची कामे झाली आहेत व होत आहेत. जिथे खांब बदलायचाच आहे तिथे तो 9 मीटरचा आणि काँक्रीटच्या पायाचा उभारला, तर वाढीव खर्च तेवढ्या फरकाचाच येईल. आज 8 मीटरचा नवा खांब रोवून उद्या फायबरसाठी तो उपटायचा, हा उद्योग कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मात्र हा निधी कोणा कंपनीला आंदण जाऊ नये. अनुदानातून उभा राहिलेला खांब वीज कंपनीच्याच मालकीचा राहावा, त्यावर घसारा किंवा परतावा वीजदरातून वसूल होऊ नये, आणि त्या खांबावर एकाच इंटरनेट कंपनीचा हक्क नसावा. ठरलेले भाडे भरणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गावातल्या केबलवाल्यालाही, तो खुला असावा. केबल धातूविरहित असावी, तिच्यावर मालकाची ओळखपट्टी असावी, आणि बिनपरवाना लोंबणाऱ्या केबल आधी उतरवल्या जाव्यात.

पहिले पाऊल म्हणून घाटंजी, धारणी आणि एटापल्ली या तीन तालुक्यांत ग्रामपंचायत कार्यालयापासून प्रत्येक वस्तीपर्यंतच्या खांबांची मोजणी करण्याचे आदेश द्यावेत. कोणता खांब चालेल, कोणाला पाया हवा आणि कोणता बदलावाच लागेल, याची यादी खांब क्रमांकासह ग्रामसभेपुढे ठेवावी. हे काम लाइनमन आणि ग्रामरोजगार सेवक मिळून पेरणीच्या आत करू शकतील. ती यादी हाती आली की अंदाजपत्रक करता येईल, आणि हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरत असल्याने पुरवणी मागण्यांमध्ये ही रक्कम दाखवण्यास आपल्याला अडचण येऊ नये.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक वीजग्राहक व माजी ग्रामपंचायत सदस्य