नव्या गाडीला हात लावण्याआधी

प्रिय मित्रा,

गाडीसोबतचा तुझा फोटो पाहिला. गाडीपेक्षा तुझे दातच जास्त चमकतायत. मनापासून अभिनंदन! फोनवर मी 'मस्त आहे' एवढंच म्हणालो आणि गप्प झालो, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. गप्प झालो, कारण फोटोच्या कोपऱ्यात डिकीवर टाकलेलं पिवळं फडकं मला दिसलं होतं. कोरडं. फोटो काढण्याआधी त्यानेच पुसलीस ना गाडी? तर पत्र लिहिण्यास कारण ते फडकं. फोनवर सांगितलं असतं तर 'बरं बरं' म्हणून दोन मिनिटांत तू विषय बदलला असतास.

माझी आधीची गडद निळी गाडी आठवते? पहिली दोन वर्षं मी ती दर रविवारी नेमाने धुतली. एक बादली, भांडी घासायचा साबण आणि एक स्पंज. शिवाय रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायचो. येणारेजाणारे म्हणायचे, काय ठेवलीये गाडी! मीही फुशारून जायचो. मग एकदा रात्री पेट्रोल भरायला थांबलो आणि पंपाच्या दिव्याखाली बॉनेटकडे लक्ष गेलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं! केसाहून बारीक, गोल गोल रेघा. मी मान हलवली की जाळंही सरकायचं. वाटलं, साबण नीट निघाला नसेल. घरी आल्या आल्या पुन्हा घासून धुतली, म्हणजे त्या जाळ्यात स्वतःच्या हाताने आणखी भर घातली.

त्या रेघा गोल नसतातच, हे पुष्कळ नंतर कळलं. चरे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. स्टीलचं वापरातलं ताट उन्हात धरून पाहा, तेच दिसेल. सावलीत किंवा ढगाळ दिवशी काही म्हणजे काही दिसत नाही. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही हे चरे असतात, फक्त त्या बोलत नाहीत. काळी गाडी चुगलखोर. आणि तू घेतलीस काळी! फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 पर्यंत फक्त काळ्याच रंगात मिळायची. त्या गिऱ्हाइकांना इलाज नव्हता, तुला होता.

असो. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीचा रंग घाणीने बिघडतो त्याहून जास्त ती घाण काढणाऱ्या हाताने बिघडतो. पुढचं सगळं या एका वाक्याचं शेपूट समज.

आपण ज्याच्यावरून हात फिरवतो तो मुळात रंग नसतोच. पत्र्यावर सगळ्यात खाली गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे चारही थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा, म्हणजे तुझी सगळी ऐट दोन केसांच्या जाडीवर उभी आहे. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला येतात 40-50 मायक्रॉन. चकाकी त्याची, आणि उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली. चरे पॉलिश करून घालवता येतात, हे खरं. पण पॉलिश म्हणजे काय? चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर झिजवून खाली आणायचा. सुरीला धार लावताना पातं झिजतं ना, तसंच. दर खेपेला काही मायक्रॉन जातात आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणून 'पडू देत चरे, वर्षाला एकदा पॉलिश मारू' हा हिशेब फार वर्षं चालत नाही.

आता धूळ. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. त्यावर कोरडं फडकं दाबून फिरवलं की घरच्या घरी काचपेपर तयार! गाडी धुळकट दिसली तर दिसू दे, पण कोरडी पुसू नकोस.

धुवायची ती सावलीत, आणि बॉनेटला हात लावून गार आहे याची खात्री करून. तापलेल्या पत्र्यावर गाडीचा शाम्पू आणि पाणी जागच्या जागी वाळतं आणि डाग सोडून जातं. सुरुवात चाकांपासून. हे मला आधी उलटं वाटायचं, पण चाकं शेवटी घेतली तर तिथली काळी घाण धुतलेल्या दारांवर उडते. त्या घाणीत ब्रेकमधून झिजलेले लोखंडाचे कण असतात, त्यामुळे चाकांची बादली वेगळी आणि कापडही वेगळं. चाकांचं कापड चुकूनसुद्धा गाडीच्या अंगाला लावायचं नाही.

मग नुसतं पाणी. पाइप घे आणि टपापासून खालपर्यंत सावकाश मार. आपल्याला या पायरीचा कंटाळा येतो, कारण पाणी मारून गाडी स्वच्छ झाल्यासारखी दिसत नाही. पण हात न लावता जेवढी माती निघून जाईल तेवढी फुकटात गेली म्हणायची. प्रेशर वॉशर असेल तर हातभर लांबून धर. रंगाचा टवका उडालेल्या जागी फवारा अगदी जवळून लागला तर कडेचा रंगही सोलून निघतो.

त्यानंतर दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा वॉश मिट मिळतो, तो घे. स्पंज नको. स्पंजचा तळ सपाट, त्यामुळे खडा त्याच्या आणि रंगाच्या मध्ये अडकतो आणि गाडीभर फिरतो. मिटच्या लांब तंतूंमध्ये तो आत ओढला जातो. मिट शाम्पूत बुडव, एक भाग धू, मग साध्या पाण्यात खळबळून पीळ आणि पुन्हा शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ बसलेला दिसेल, तो पहिल्यांदा पाहून मी खरंच हबकलो होतो. दोन वर्षं तोच गाळ मी गाडीवर चोळत होतो की!

वरून खाली ये. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा तळ, कारण रस्त्यावरचं सगळं उडून तिथेच बसतं. हात सरळ रेघेत चालव, गोल नको. सरळ रेघेतला चरा एखाद्याच कोनातून दिसतो, हात गोल फिरवला की चरे सगळ्या दिशांना पडतात आणि कुठूनही उभा राहिलास तरी दिसतात. आणि जोर लावू नकोस, मिटचं वजन पुरे. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनलेला असतो. गाडीवर चढवलेलं वॅक्सही त्याला तेलच वाटतं, तेही तो काढून नेतो. गाडीचाच शाम्पू आण. त्यात बुळबुळीतपणा असतो, त्यामुळे मिट नुसता सरकतो.

पुसणं लगेच. आपोआप वाळेल म्हणून सोडून चहा प्यायला गेलास की संपलं. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. पांढऱ्या कड्यांचे ते ठिपके काळ्या गाडीवर देवीच्या व्रणांसारखे दिसतात, आणि जुने झाले की क्लिअर कोटमध्ये उतरतात. मोठा, जाडजूड मायक्रोफायबर टॉवेल बॉनेटवर अंथर, वरून हलकेच थापट आणि उचल. घासायचं काम नाही. आरशांच्या आणि दिव्यांच्या फटीतून पाणी नंतर ओघळतंच, तेवढ्यासाठी एक छोटं फडकं जवळ ठेव. आणि टॉवेल खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून पुन्हा वापरण्याचा मोह मला अजूनही होतो. हे टॉवेल इतर सुती कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, आणि कपडे मऊ करणारं द्रव्य तर अजिबात नको, त्याने तंतू पाणी शोषेनासे होतात.

पक्ष्यांच्या शिटेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निळ्या गाडीच्या टपावर तिने कायमची सही केली होती. तिच्यात आम्ल असतं, ते रंग खातंच. पण उन्हाचाही त्यात हात असतो. उन्हात तापून क्लिअर कोट किंचित मऊ होतो आणि फुगतो. वरची शीट मात्र वाळून दगड होते. संध्याकाळी गार पडताना तो थर आकसतो आणि त्या खडबडीत पापुद्र्याचाच आकार धरून बसतो. म्हणून शीट काढल्यावरही खाली निस्तेज ठसा उरतो. रविवारपर्यंत थांबायचं नाही, दिसली की काढायची. पण खरवडून नाही, तिच्यात कठीण कण असतात. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेव, भिजू दे, मग उचलून घे. झाडाचा चीक आणि चिरडलेले किडे यांनाही हाच न्याय.

आता वॅक्स. तू 'पॉलिश-वॅक्स' असा एकच शब्द करून बोलतोस, तो आधी तोड. पॉलिश काढतं, वॅक्स घालतं. वॅक्सने चरे जात नाहीत. फार तर काही दिवस बुजल्यासारखे दिसतात. वॅक्सचं काम एवढंच, की क्लिअर कोटच्या आधी आपण मरायचं. शीट, क्षार, चीक यांचा पहिला घाव ते झेलतं आणि तुला ओलं फडकं शोधायला वेळ मिळतो. उन्हाच्या बाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस, ते काम मुख्यतः क्लिअर कोटमधली द्रव्यंच करतात.

यातलं नावाजलेलं वॅक्स कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमध्ये त्याच नावाचं ताडाच्या जातीचं झाड आहे. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पानांवर मेण धरतं. पानं वाळवून, झोडपून ते मेण मिळवतात. झाडाने स्वतःला वाचवायला केलेलं मेण आपण पत्र्याला फासतो, याची मला नेहमी गंमत वाटते. निसर्गातल्या मेणांत ते सगळ्यात कठीण गणलं जातं, 80 अंश सेल्सिअसच्याही वर गेल्यावरच वितळतं. म्हणूनच डबीवर '100 टक्के कार्नौबा' लिहिलेलं दिसलं तर मनातल्या मनात हस. निव्वळ कार्नौबा ढेकळासारखं असतं, तेलं आणि द्रावकं मिसळल्याशिवाय ते गाडीवर पसरणारच नाही. ते दीडदोन महिने टिकतं, फार झालं तर तीन. कृत्रिम सीलंट त्याहून बरंच जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंग वर्षांच्या हिशेबात जातं, पण त्याखाली चरे असतील तर तेही तितकेच दिवस जपले जातात. शिवाय कोटिंग केलं म्हणून धुण्यातली हयगय माफ होत नाही.

वॅक्स लावण्याआधी एक परीक्षा घे. धुऊन पुसलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरव. एरवी गुळगुळीत वाटणारी जागा वाळू सांडल्यासारखी लागेल. रंगाला घट्ट चिकटलेले लोखंडाचे कण, डांबर, चीक असं काहीबाही असतं ते, धुण्याने निघत नाही. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा असतो. भरपूर वंगण (तेल नव्हे, शाम्पूच्या पाण्यासारखं बुळबुळीत द्रव्य) फवारून तो अलगद सरकवायचा आणि मळला की दुमडून नवी बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडला तर टॉवेलसारखंच, टाकून द्यायचा. क्लेनेही बारीक चरे पडू शकतात, म्हणून हौस म्हणून दर महिन्याला करू नकोस. तुझ्या नव्या गाडीला कदाचित लागणारही नाही.

लावताना सगळ्यांची एकच चूक होते, जास्त लावतात. मीही पहिल्यांदा भर उन्हात पोळीला तूप लावावं तसं थापलं होतं. ते असं वाळलं की काढता काढता खांदे भरून आले, आणि बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर जे पांढरे डाग बसले ते महिनोन् महिने गेले नाहीत. त्या पट्ट्यांवर आधी चिकटपट्टी लाव. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी एकच भाग घे आणि इतका पातळ थर दे की लावलंय की नाही अशी शंका यावी. तो धूसर झाला की बोट ओढून पाहा. बोटाखालचं स्वच्छ निघालं, फासलं गेलं नाही, की ताज्या मायक्रोफायबरने उतरव. डबीवर वेळ वेगळी दिली असेल तर डबीचं ऐक.

नवी गाडी आहे, थांबू का, असं तू विचारणार. कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे थांबायचं कारण नाही. पण उद्या कुठे ठोकलीस (ठोकू नकोस) आणि डेंटिंग-पेंटिंग झालं, तर त्या भागाला एक ते तीन महिने वॅक्स लावू नकोस, पेंटरला विचारून ठरव. ताज्या रंगातली द्रावकं बाहेर पडायला वाट मोकळी हवी.

पुढच्या खेपेला भेटू तेव्हा रात्रीच भेटू. मी टॉर्च घेऊन येईन आणि आधी तुझं बॉनेट पाहीन, मग तुला.

तुझाच,
निळ्या गाडीवाला

ता. क. धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करून ठेवू नकोस. एक छोटा फेरा मार आणि ब्रेक चारदोनदा हलके दाब. ओल्या डिस्कवर रातोरात गंजाचा तांबूस थर चढतो आणि सकाळी ब्रेक करकरले की तू घाबरून मलाच फोन करशील. आणि ते पिवळं फडकं फेकू नकोस. चाकांना होईल.