ब्रेकबद्दल थोडं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "त्या गाडीचं काय करायचं?" मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. तू नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. पण फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतंच. तू स्पीकर लावलेला असणार, बाबा शेजारी बसलेले असणार, आणि त्यांच्यादेखत ते तिथे नसल्यासारखं त्यांच्याबद्दल बोलायचं, हे गेल्या दीड वर्षात आपण सगळ्यांनीच फार केलं. म्हणून लिहितेय. हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. गाळावंसं वाटेल असा भाग पुढे आहे.

आधी माझं सांगते. आपली जुनी मॉरिस गाडी मी बाबांसाठी दुरुस्त करतेय असं सगळ्यांना सांगत होते. दादा तर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा. ते खरं नाही. बाबा दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात एका दुपारी ते एक शब्द शोधत होते. अर्धा तास. मी एकेक वस्तू समोर धरत होते आणि ते चिडत चालले होते. शेवटी कळलं, चष्मा हवा होता. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता. तू हसलीस, तेही हसले. मी मात्र शेडमध्ये जाऊन रडायचं ठरवलं, आणि तिथे गेल्यावर रिकाम्या हातांनी रडता येईना, म्हणून पाना उचलला. सुरुवात ही अशी झाली.

इंजिन जाम होतं. इतकी वर्षं उभी असलेली गाडी, दुसरं काय असणार! चारही प्लग काढून भोकांत डिझेल आणि ऑइल ओतलं. रोज रात्री तुम्ही दोघं झोपलात की पुढून हँडल घालून हलकेच जोर लावून बघायचे. नऊ रात्री काही नाही. दहाव्या रात्री हँडल बोटभर सरकलं. बोटभरच. पण त्या रात्री मी शेडमध्ये एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्या. तुला वाटलं होतं, मांजर काहीतरी पाडतंय.

नंतर हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, नवीन गॅस्केट घातलं. ९४८ सीसीचं ते इंजिन इतकं साधं आहे की माझ्यासारख्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईलासुद्धा ते आपली चूक दाखवून देतं. टॅपेटची फट बारा थाउ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, पॉइंटची पंधरा थाउ, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. सगळं बाबांच्या वहीत होतं. त्या हिरव्या वहीबद्दल पुढे लिहिते, कारण खरं पत्र तिच्याबद्दलच आहे. तिचं पहिलं पान मी वाचलं नव्हतं, म्हणून बॅटरी उलटी जोडली. पानावर लाल पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "प्लस बॉडीला!" हल्लीच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला लावतात, आपली उलटी. नशीब, तिच्यात जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नाही.

खरा वेळ खाल्ला तो तळानं. मॉरिस मायनरला वेगळी चॅसिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालच्या पेट्या आणि वरची बॉडी, सगळं मिळूनच सांगाडा. त्यामुळे गंजलेलं कापून नवीन जोडायचं तर एका वेळी एकच बाजू कापायची, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून ठेवायची. नाहीतर गाडी मधून बसते आणि दारं पुन्हा कधीच लागत नाहीत. वेल्डिंग करणारा माणूस दोनदा आला, तिसऱ्यांदा आलाच नाही. उरलेलं मी केलं. दिसायला वाईट आहे, पण धरून राहील.

त्याच दिवसांत आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, "तुझ्या बापाला माणूस हवंय आणि तू पत्र्याजवळ बसतेस." मी काहीतरी वाईट बोलले. काय, ते तुला आठवत असेलच. तुझं बरोबर होतं, आई. रात्रीची औषधं, त्यांचं कुशीवर वळवणं, उजव्या हाताचे व्यायाम, यातलं निम्म्याहून जास्त तू केलंस, आणि मी गंज घासत होते. गंज घासला की खाली चकचकीत पत्रा दिसतो. बाबांचा हात महिनाभर चोळला तरी हात तसाच. मला काहीतरी हलताना बघायचं होतं. मी लपत होते, आणि लपायला जागा बरी मिळाली होती.

त्यांना शेडमध्ये आणायची कल्पना तुझी होती, हे दादाला माहीत नाही. त्याला वाटतं, माझी. तू एका सकाळी व्हीलचेअर ढकलत आणलीस, चाकांचा ब्रेक लावलास आणि "सांभाळ, मी आंघोळ करून येते" म्हणून निघून गेलीस. पहिला आठवडाभर ते नुसते बघत बसायचे. मी बॉनेटच्या मधल्या पट्टीवरून फडकं फिरवत असले की डावा हात उचलून बोट त्या पट्टीकडे करायचे. मला ती गोष्ट पाठ आहे, बाबा. ही गाडी ज्यानं डिझाइन केली त्या इसिगोनिसनं नमुन्याची गाडी बनवली, ती त्याला अरुंद वाटली, मग उभी मधोमध कापून दोन्ही अर्धे लांब सरकवत बघितलं आणि चार इंचांवर तो थांबला. त्या चार इंचांची ती पट्टी. १९४८ साली गाडी लोकांसमोर आली ती पट्टीसकट. प्रत्येक पाहुण्याला तुम्ही ही गोष्ट सांगायचात आणि आम्ही दोघं मागे तोंडं वाकडी करायचो. आता तुम्ही बोट केलंत आणि मी गोष्ट सांगितली. असं तीनदा झालं असेल.

मग पंपाचा दिवस. आई, तू तेव्हा नव्हतीस, आणि नंतर मी नीट सांगितलं नाही. एसयू कंपनीचा पेट्रोलचा पंप असा असतो की चावी फिरवली की टकटकटक वाजतो, कार्ब्युरेटरची वाटी पेट्रोलनं भरली की गप्प होतो. मी चावी फिरवली, टकटक झाली, थांबली. मी खूश. बाबांनी बोट वर केलं. मला वाटलं पाणी हवंय, मी उठले. त्यांनी मान हलवली, जोरात, नाही. बोट तसंच वर. पाच-सहा सेकंदांनी पंप एकदा टक् झाला. त्यांनी बोट खाली आणलं. पुन्हा वर. पुन्हा टक्. पेट्रोल कुठेतरी निसटत होतं म्हणून पंप पुन्हापुन्हा भरत होता. त्यांनी कार्ब्युरेटरच्या वाटीकडे बोट दाखवलं. उघडून बघितलं तर आतल्या सुईच्या बैठकीवर कचऱ्याचा कण, तिळाहून बारीक. ज्या माणसाला आम्ही दीड महिना चित्रांची कार्डं दाखवून "हा कप, हा पंखा" करत होतो, त्यानं न बोलता पंपाचा आजार ओळखला होता. मला त्या कार्डांची लाज वाटली. शब्द अडकलेत, माणूस जागेवर आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकलं होतं, पटलं त्या दिवशी.

आता तो भाग.

बाबा घरी आल्यापासून एक शब्द वारंवार म्हणायचे, "ब्रेक". जेमतेम सात-आठ शब्द शिल्लक, त्यातला हा एक. तू जवळ बसलीस की हमखास. आणि आपण दर वेळी वाकून व्हीलचेअरचा ब्रेक बघायचो. "लावलाय हो बाबा, लावलाय." ते डोळे मिटून घ्यायचे.

गाडीचे ब्रेक मी सगळ्यात शेवटी घेतले. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेकचं ऑइल ढकलतं ते, ड्रायव्हरच्या पायाखाली, तळाच्या आत दडवलेलं आहे. ज्यानं ते तिथे ठेवलं त्याला आयुष्यात एकदाही ते बाहेर काढावं लागलं नसावं. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून एकच ऑइलची लाइन. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. म्हणूनच २००३ साली बाबा म्हणाले, "ब्रेक गेले", तेव्हा कुणालाही शंका आली नाही. गाडी फाटकाच्या खांबावर गेली, तुझं मनगट मोडलं, गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. तू परत तिच्यात बसली नाहीस. आजही पाऊस आला की डावा हात चोळतेस आणि म्हणतेस, "त्या ब्रेकनं दिलेली भेट."

इतक्या वर्षांनी सिलिंडर उघडलं की आत गंजच मिळतो, त्यावरून तेव्हाचं काही कळत नाही. म्हणून तेव्हा काय बदललं होतं ते बघायला वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. अक्षर नेहमीसारखं, सरळ. "चारही चाकं उघडली. गळती नाही. पेडल कडक. मास्टर सिलिंडर उत्तम. ब्रेक ठीक. दोष माझा."

त्याखाली काही नाही. पुढची पानं कोरी.

मी वही घेऊन बाबांसमोर बसले. त्यांच्या तोंडून "हो" येतं आणि मनात "नाही" असतं, हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून अंगठ्यानं विचारलं, आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी. ब्रेक गेले होते का? अंगठा खाली. ब्रेक चालू होते का? वर. लक्ष नव्हतं? वर. आईला माहीत आहे? खाली. मग मी विचारलं, इतके दिवस "ब्रेक, ब्रेक" म्हणत होतात ते हेच का? ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग डाव्या हातानं स्वतःचं डावं मनगट चोळायचा प्रयत्न करायला लागले. ते कसं जमणार! उजवा हात उचलत नाही. शेवटी मीच माझं मनगट चोळून दाखवलं. अंगठा वर.

आईला सांगू का, विचारलं. अंगठा वर. उलट विचारलं, नको ना सांगू? खाली. तुम्ही स्वतः सांगणार का? यावर ते हसले, तोंडाची एकच बाजू हसते तसं. तर हे मी सांगतेय ते त्यांच्या परवानगीनं. खरं म्हणजे तोंडी सांगायचं होतं. निघायच्या आधीचे तीन आठवडे मी रोज ठरवत होते आणि रोज शेडमध्ये जात होते. हीही लपाछपीच, आणि हा गुण कुणाकडून आला ते आता लक्षात आलं.

आई, तुला त्यांच्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागव. आजारी माणूस म्हणून दीड वर्षात त्यांच्यावर कुणी धड रागावलेलं नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडेल. बाबा, मी चुकत असले तर अंगठा दाखवा.

गाडीचं म्हणशील तर, मला विचारू नकोस. मी तिच्यावर अकरा महिने घालवले म्हणून ती ठेवायला हवी असं अजिबात नाही. मला जे हवं होतं ते मिळालं. रंगाचं काम राहिलंय, पुढच्या डाव्या मडगार्डवर नुसता प्रायमर आहे, आणि तिसऱ्या गिअरला अजून थोडं गुरगुरते. उपचारांसाठी पैसे लागणार आहेत, दादा एकटा किती पाठवणार? विकायची तर विका. फक्त दोन गोष्टी. निर्णय बाबांना विचारून घ्या, दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारून. आणि घेणाऱ्याला "तिचे ब्रेक एकदा गेले होते" असं सांगू नकोस. बिचारीनं वीस वर्षं तो आळ सोसला.

ठेवायची ठरली तर आठवड्यातून एकदा शेजारच्या मुलाला बोलावून इंजिन चालू करून घ्या, वीस मिनिटं तरी. पुढच्या चाकांच्या ट्रनियनना, म्हणजे चाक वळतं त्या आट्यांच्या सांध्यांना, ग्रीस हवंच, दर हजार मैलांनी असं वहीत आहे. तेवढी ती आता फिरणार नाही, पण सहा महिन्यांनी मारून घ्या. ग्रीस संपलं की आतले आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक आडवं पडतं. ग्रीसगन खिडकीखालच्या फळीवर, निळ्या फडक्यात.

वही मी आणलेली नाही. बाबांच्या उशाशी, औषधांच्या डब्याखाली ठेवलीय. शेवटचं पान तू स्वतः वाच.

तुमची,
धाकटी