"कोणता हात चालतो?" असं विचारणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री फोनवर तुमचे आभार मानायला गेले आणि गळाच दाटून आला. म्हणून लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

दादाला पॅरालिसिसचा झटका आला त्याला आता वर्ष होईल. उजवी बाजू अजून पुरती सावरलेली नाही. जीभ सुटली, पण बोलणार कोणाशी? हॉस्टेलचे मित्र डब्लिन, बंगळुरू, नाशिक असे पांगलेले. त्यांचे फोन यायचे आणि "औषधं घेतोस ना?" इथे संपायचे. एके काळी या मुलांना बोलायला विषय लागत नसे, क्वेक थ्री अरीना, हा एकमेकांवर गोळ्या झाडायचा कम्प्युटर गेम, असला की झालं. 'द लाँगेस्ट यार्ड' हा त्यातला अंतराळात तरंगणारा नकाशा, म्हणजे खेळायचं मैदान, त्यावरून कोणी खाली कोसळला की अख्ख्या मजल्यावर उठणारी आरोळी, हे सगळं दादाकडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. 1999 च्या डिसेंबरात आलेला खेळ. तो त्याला त्याच मित्रांबरोबर पुन्हा खेळता यावा, एवढंच मला हवं होतं.

त्यासाठी कोणाकोणाची दारं ठोठावली! इंटरनेटवाल्यांनी दर वेळी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. अनेक घरांना मिळून इंटरनेटवरचा एकच पत्ता दिलेला असतो, त्यामुळे डब्लिनहून आमच्या कम्प्युटरपर्यंत कोणी पोचूच शकत नाही, हे तुम्ही दोन मिनिटांत समजावलंत. त्यांना हे ठाऊक नसेल? एका दुकानदाराने पैसे घेऊन कसली तरी चोरीची कॉपी टाकून दिली, ती धड उघडतही नव्हती. आणि ओळखीतले एक गृहस्थ तर दादाच्या देखत म्हणाले, "या अवस्थेत गेम कशाला? भजनं लावा की." दादाने तोंड भिंतीकडे केलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही आधी मूळ सीडी आहे का ते विचारलंत. आहे म्हटल्यावर तुमचा आवाज खुलला. मग विचारलंत, खेळणार कोण? मी सांगितलं. क्षणभर थांबून तुम्ही म्हणालात, "ताई, दादांचा कोणता हात चालतो?"

भाऊ, झटक्यानंतर आमच्या घरी पुष्कळ माणसं येऊन गेली. काय चालत नाही, हे सगळ्यांनी विचारलं. काय चालतं, हे विचारणारे तुम्ही पहिले.

सर्व्हर, पोर्ट, ते सगळं तुम्ही केलंत, त्यातलं मला फारसं कळलं नाही. मुंबईत भाड्याने घेतलेल्या एका छोट्या मशीनवर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे कम्प्युटर जिथे येऊन जोडले जातात तो प्रोग्रॅम, बसवलात. डब्लिनच्या मित्राचा खेळ अडखळत होता, तर त्याच्या जुन्या फाईलमधला 'रेट', म्हणजे दर सेकंदाला किती माहिती घ्यायची तो आकडा, अजून डायलअपच्या काळातल्या 3000 वरच होता, तो वाढवून दिलात. पण माझ्या मनातून जात नाही ती दुसऱ्या दिवशी पाठवलेली फाईल. सगळा खेळ एका माऊसवर आणलेला: एका बटणावर गोळी, दुसऱ्यावर पुढे चालणं, चाकावर शस्त्र बदलणं, कडेच्या बटणावर उडी. सोबत लिहिलं होतंत, "काल रात्री उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने खेळून बघितलं. आधी उडी चाकावर ठेवली होती, पण बोट दुखायला लागलं, म्हणून बदललं. दादांना त्रास व्हायला नको."

ओळख ना पाळख, आणि माझ्या भावाचं बोट दुखू नये म्हणून तुम्ही तुमचं दुखवून घेतलंत.

तुमच्याच तोंडून कळलं की हा खेळ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने 2005 साली त्याचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून खेळ तयार होतो तो मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला केला, आणि त्यावर लोकांनी आपला वेळ घालून 'आयओक्वेक थ्री' उभं केलं, म्हणून तो आजच्या कम्प्युटरवर चालतो. ती माणसं मला कधी भेटणार नाहीत, पण तुमच्यामुळे त्यांच्याबद्दलही मनात माया दाटते. आपल्याला येतं ते दुसऱ्याला हात राखून न देणारी ही सगळी एकाच जातीची माणसं. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

शनिवारी पहिल्याच डावात दादा नकाशावरून खाली पडला आणि तिन्ही मित्र एकदम ओरडले. तोही ओरडला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून.

येत्या शनिवारी रात्री दहाला सगळे पुन्हा जमणार आहेत. तुम्हीही यायचंच. दादाने निरोप दिलाय: "भाऊंना सांग, हात मांडीखाली ठेवायचा नाही. दोन्ही हातांनी खेळा, मग बघू."

तुमची,
ताई