डॉक्टर मॅडम, तुम्ही सासूबाईंना विचारलंत

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

लेक आता पालथी पडते. पेढे पाठवले होते, पण नुसत्या पेढ्यांवर हे भागणार नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माझं बीपी 160 च्या वर गेलं, लघवीत प्रोटीन आलं (प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात याला) आणि बाळ हाती लागलं नाही. त्याआधी चेहरा सुजला होता, डोकं ठणकत होतं. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवरून मान वर न करता सांगितलं, "सूज सगळ्यांनाच येते. आईला बीपी आहे? नाही ना? मग टेन्शन घेऊ नका." नंतर घरीदारी तेच. हिने टेन्शन घेतलं, हिने लोणचं खाल्लं. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. बिल मात्र त्यांनी अगदी लक्ष देऊन केलं होतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा सासूबाई पिशवी धरून दाराशीच उभ्या होत्या. तुम्ही त्यांना आत बोलावलंत, खुर्ची पुढे केलीत आणि विचारलंत, "मावशी, तुमच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का?" त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी आकडी आली होती." थोरला म्हणजे माझा नवरा. आणि ती आकडी म्हणजे माझ्याच आजाराचं पुढचं रूप.

मग केसपेपरच्या मागे तुम्ही घरातल्या बायका-पुरुषांचे गोल आणि चौकोन काढलेत. वार, म्हणजे प्लॅसेंटा, बाळाची असते आणि बाळात अर्धी जनुकं बापाची. अशा बाळंतपणातून जन्मलेल्या मुलाच्या बायकोलाही धोका जरा जास्तच. 2017 साली तर बाळाच्याच जनुकांत, एफएलटी-1 नावाच्या जनुकाजवळ, या आजाराचा एक दुवा सापडला. त्या जनुकापासून वारेत बनणारं एक प्रोटीन आईच्या रक्तात फार उतरलं की तिच्या रक्तवाहिन्यांचं बिनसतं. एकटं एक जनुक काही हे घडवत नाही, तेव्हा आता नवऱ्यालाही बोल लावायचा नाही, हेही तुम्ही बजावलंत. (तो बिचारा पंख्याकडे बघत होता.)

ॲस्पिरिनची छोटी गोळी मला पहिल्या खेपेमुळे बाराव्या आठवड्यापासून मिळणारच होती. म्हणजे तो प्रश्न न विचारताही तुमचं काम झालं असतं, आणि बाहेर ही रांग. तरी विचारलात. त्यानंतर घरात लोणच्याचा विषय निघाला नाही. परतताना रिक्षात सासूबाई एवढंच बोलल्या, "मला तेव्हा बाहेरचं लागलंय म्हणाले होते." इतकी वर्षं बाईने ते मनात ठेवलं! डिग्र्या पुष्कळांकडे असतात. खुर्ची पुढे करायला कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे.

आता नणंदेला दिवस गेलेत. आईला असा त्रास झालेला, म्हणून तिला सुरुवातीलाच तुमच्याकडे आणतोय. हिस्टरी सासूबाई स्वतः सांगणार आहेत. जरा वेळ लागेल, मधेच थांबवू नका.